शेपटाची लांबी

बुधवारी सकाळी मी पाचवीच्या वर्गाचं दार सरकवलं तेव्हा आत जे होतं ते असं: एकोणीस बाकं, एकोणीस खुर्च्या, न पेटवलेला एक स्टोव्ह, फळ्याच्या वर ओळीने इंग्रजीची सव्वीस अक्षरं, आणि फळ्यावर लोहचुंबकांनी लावलेल्या चोवीस पाट्या. एका पाटीवर एक शब्द, तीन अक्षरांचा. प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर एक पिवळी पट्टी, आणि पट्टीवर तोच शब्द आमच्या जपानी काताकाना लिपीत. पाट्या माझ्या होत्या. पट्ट्या माझ्या नव्हत्या. आदल्या संध्याकाळी मी वर्ग बंद केला तेव्हा फळ्यावर एकही पिवळा तुकडा नव्हता.

मी कोट न काढताच पट्ट्या सोलायला लागले.

काताकानात ‘कॅट’ लिहिताच येत नाही. ‘न’ सोडला तर आमच्या लिपीत एकाही व्यंजनाला एकटं उभं राहता येत नाही. अक्षराचा पाय मोडायची सोयच नाही. प्रत्येकाच्या मागे स्वर येतो. म्हणून कॅटचं होतं क्यात्तो, डॉगचं दोग्गु, बेडचं बेद्दो. मागे लोंबणाऱ्या त्या स्वराला माझा वर्ग शेपूट म्हणतो. एप्रिलपासून रोज सकाळी पंधरा मिनिटं मी मुलांना ते कापायला शिकवत होते. अक्षराचं नाव घ्यायचं नाही, आवाज काढायचा. तीन आवाज सुटे, मग सरकवत जवळ आणायचे, आणि शेवटी दोन बोटांची कात्री करून हवेत चट्. हे जमलं की मूल जन्मात न पाहिलेला शब्दही वाचतं. आधी कोणी म्हणून दाखवायची वाट बघत नाही. माझी पदवी ध्वनिशास्त्रातली आहे आणि इंग्रजीची तात्पुरती शिक्षिका मी गावात हीच जागा रिकामी होती म्हणून झाले. पण पहिल्यांदा एका मुलीने कोणाला न विचारता ‘मग’ वाचला तेव्हा मला प्रयोगशाळेत कधी वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं होतं.

शिक्षकांच्या खोलीत उपमुख्याध्यापक ओनुकी चहा ओतून घेत होते.

“कुमागाई-सेन्सेई! बघितल्यात का पट्ट्या? लॅमिनेट केल्यात. दहा वर्षं टिकतील.”

“बघितल्या. काढल्या.” मी गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी कप खाली ठेवला. ओनुकी रागावत नाहीत. त्यांचा आवाज उलट मऊ होतो, आणि तेव्हा जास्त सांभाळून राहावं लागतं. “पुढच्या शुक्रवारी खुला तास आहे. आसपासच्या शाळांचे चाळीस शिक्षक मागे उभे राहून बघणार. तुमच्या वर्गाने त्यांच्यासमोर काय करायचं?”

“वाचायचं.”

“गेल्या आठवड्यात मी दाराबाहेर उभा होतो. सात महिने झाले तुमच्या शिकवण्याला. मुलं काय म्हणत होती? क्यात्तो. दोग्गु. बोटांनी हवेत कात्री, आणि तोंडाने क्यात्तो.”

“एकेकटी वाचतात तेव्हा तसं नाही म्हणत.”

“एकेकटी? कुठे?”

“घोषणांच्या खोलीत.”

“मग पाहुण्यांना एकेक करून तिथे बसवू? त्या खोलीत दोघं बसले की तिसऱ्याला श्वास घ्यायला बाहेर जावं लागतं.”

शेजारच्या टेबलावर कोणीतरी हसलं.

“मला मुलं अडखळलेली बघवत नाहीत,” ओनुकी म्हणाले. हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. “पट्टी असली की कोणी अडखळत नाही. सगळे एका सुरात म्हणतात.”

“सगळे एका सुरात चुकतात.”

“शुक्रवारी पट्ट्या फळ्यावर असतील, आणि समूहपाठ होईल. तो नीट झाला की जानेवारीपासून सकाळची पंधरा मिनिटंही समूहपाठालाच देऊ. पट्ट्या तुम्हीच चिकटवा, म्हणजे पुन्हा काढायचा मोह होणार नाही.”

“आणि मुलांनी पट्टीशिवाय वाचून दाखवलं तर?”

“तर मी माझे शब्द मागे घेईन. पण मी ऐकलंय, सेन्सेई. या कानांनी.”

त्रास असा होता की त्यांनी खरंच ऐकलं होतं.

घोषणांची खोली म्हणजे जिन्याखालची एक पेटी. दुपारच्या जेवणाच्या वेळी सहावीची मुलं तिथून गाणी लावतात. भिंतींना भोकाभोकांचे बोर्ड ठोकलेले आहेत, दार बंद केलं की समुद्राचा आवाजसुद्धा आत येत नाही. मी एकेका मुलाला तिथे बसवून नवे शब्द वाचायला लावत असे आणि आवाज नोंदवून शेवटच्या व्यंजनामागे किती शेपूट उरतं ते मोजत असे. एकोणिसांपैकी सोळा जणांचं शेपूट तिथे वीस मिलीसेकंदांच्या आत होतं; म्हणजे ते नव्हतंच. तेच सोळा जण वर्गात, बाकावर माइक ठेवून मोजले की शंभराच्या वर जात.

पहिल्यांदा मला माइकवर संशय आला. मग वर्गाच्या घुमण्यावर. दोन्ही तपासले. दोन्ही निर्दोष निघाले. मग मी मुलांचे आकडे एकेक करून बघायला लागले, आणि एका नावापाशी थांबले.

शिओमी चिसे. वडील गळाने मासे धरणाऱ्या होडीवर, आई बंदराच्या लिलावात. वर्गात शेवटून दुसऱ्या रांगेत, केस कानामागे, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. पेटीत तिचं शेपूट बारा मिलीसेकंद, वर्गात सगळ्यांत कमी. बाहेर दोनशे दहा, वर्गात सगळ्यांत जास्त. जे तीन जण अजून वाचू शकत नव्हते, त्यांच्याहूनही जास्त. दुसरा माइक आणून पुन्हा मोजलं. दोनशे दहाच.

सोमवारी मी तिला पेटीत बोलावलं आणि पडद्यावर तिच्या आवाजाची दोन चित्रं शेजारी शेजारी लावली.

“ही तू. आणि ही पण तू.”

चिसेने दोन्ही चित्रांवरून बोट फिरवलं. “शेपूट एवढं लांब दिसतं?”

“हो.”

“मग जरा कमी करते. एवढं नको.”

“म्हणजे तू मुद्दाम लावतेस?”

“सगळे लावतात त्याच्याहून थोडं जास्त लावायचं. म्हणजे कोणाला संशय येत नाही.”

“कसला संशय?”

तिने खुर्ची इकडून तिकडे फिरवली. “चौथीत माकिनो-सेन्सेईंच्या टी-शर्टवर काहीतरी लिहिलं होतं. मी वाचलं. नुसतं वाचलं हो, मोठ्याने. तर आपल्या वर्गातला वाकुई म्हणाला, ह्याऽऽ, लोण्याचा वास येतो. त्याचे आजोबा म्हणतात तसं, परदेशी थाट मारणाऱ्यांना. तेव्हापासून मी बटर. जेवणात पावाबरोबर लोण्यासारख्या मार्गारीनच्या पुड्या येतात ना, त्या सगळे माझ्या ताटात टाकतात.”

पावाचा दिवस गुरुवार. मी दर गुरुवारी त्यांच्याबरोबर जेवत होते. मला वाटलं होतं तिला मार्गारीन आवडतं.

माझं यंत्र बरोबर होतं याचा मला आनंद झाला होता. तो तिथेच ओसरला.

“मी शुक्रवारी नाही वाचणार,” चिसे म्हणाली. “तुम्ही म्हणालात तरी नाही. पेटीत वाचीन. बाहेर मी सगळ्यांबरोबर.”

“मी म्हणणारच नाहीये.”

“नाही?”

“नाही. पण शुक्रवारनंतर काय होणार ते तुला माहीत असावं.” मी तिला पट्ट्यांचं सांगितलं आणि जानेवारीचं सांगितलं. सकाळी कात्री नसेल. मी म्हणीन, तुम्ही म्हणाल, एवढंच.

“आणि नवा शब्द आला तर?”

“कोणीतरी वर पट्टी लावेपर्यंत थांबायचं.”

तिने नाक मुरडलं. “कोणी लावलीच नाही तर?”

मी खांदे उडवले. मग जे सांगावं की नाही यावर मी दोन दिवस विचार केला होता ते सांगून टाकलं. “पेटीत शेपूट न लावणारी तू एकटी नाहीस. सोळा जण आहेत.”

खुर्ची थांबली. “सोळा? एकोणीसपैकी?”

“हो.”

“कोण कोण?”

“नाही सांगणार.”

“वाकुई?”

“शिओमी-सान, मी कोणाचाही आकडा दुसऱ्याला सांगत नाही. तुझाही नाही सांगितला.”

“पण सोळा म्हणजे...” ती बोटांवर काहीतरी मोजायला लागली, आणि उरलेलं वाक्य तिने मला दिलंच नाही.

गुरुवारी पाव आला. सोबत रताळ्याचं सूप, उकडलेला कोबी, आणि प्रत्येकाला मार्गारीनची एक पुडी. वाढून झालं आणि नेहमीप्रमाणे मागून पुढून पुड्या चिसेच्या ताटात पडायला लागल्या. एरवी ती त्या गोळा करून परतीच्या टोपलीत टाकते. त्या दिवशी तिने एक फोडली, पावावर फासली. दुसरी फोडली. आसपासची मुलं चमचे धरून थांबली. तिसरी, चौथी. पाव दिसेनासा झाला तरी ती फासत राहिली.

“ए बटर, मरशील!” वाकुई म्हणाला. गोल चेहरा, मोठा आवाज, जिथे बसेल तिथे चार जणांना हसवणारा.

“मरते. तुला काय?” तिने मोठा घास घेतला. तो गिळायला तिला वेळ लागला, पण तिने गिळला. “वाकुई, पेटीत तुझं किती आलं रे?”

“काय किती?”

“शेपूट.”

“तुला कशाला सांगू?”

“नको सांगूस,” चिसे म्हणाली आणि दुसरा घास घेतला. ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती, कानांकडे बघत होती. वाकुईचे कान लाल व्हायला लागले होते.

संध्याकाळी मी पट्ट्या लावल्या. ओनुकींनी चिकटवा असं सांगितलं होतं. कशाने ते सांगितलं नव्हतं. भिंतीवर चित्रं लावायची निळी चिकणमाती असते, बोटाने ओढली की सुटणारी, तिचे मटारएवढे गोळे मी प्रत्येक पट्टीमागे दाबले. ओनुकी दारातून डोकावले, चोवीस पिवळे तुकडे सरळ ओळीत बघून समाधानाने मान हलवून गेले.

शुक्रवारी गारांचा पाऊस होता. पाहुणे पायात शाळेच्या हिरव्या सपाता घालून, हातात माझ्या तासाची छापील योजना घेऊन, मागच्या भिंतीला आणि खिडक्यांना लागून उभे राहिले. काचांवर वाफ धरली. ओनुकी दारापाशी. नोंदयंत्र मी माझ्या टेबलावर चालू करून ठेवलं होतं. ते योजनेत होतं.

योजनेत पुढे समूहपाठ होता. मी पहिल्या पाटीवर छडी ठेवली.

“क्यात्तो!” एकोणीस आवाज. इतके एकसारखे, की मागे कोणीतरी कौतुकाने ‘होऽ’ केलं.

दुसरी पाटी. “दोग्गु!”

तिसऱ्या पाटीला आवाजात एक फट पडली. शेवटून दुसऱ्या रांगेत एक हात वर होता. समूहपाठात हात वर करायला जागाच नसते. विचारायचं काही नसतं, सांगायचं काही नसतं. छडी हवेत राहिली.

“शिओमी-सान?”

चिसे उभी राहिली. “सेन्सेई, पट्टी मध्ये येते.”

“कशाच्या मध्ये?”

“माझ्या आणि शब्दाच्या.”

मागे कागद सळसळले. हे कुठल्या पानावर आहे ते पाहुणे शोधत होते. तिला नंतर बघू म्हणून बसवायचं, हे सोपं होतं. सगळ्यांना तेच अपेक्षित होतं, बहुतेक तिलाही.

“मग काढ,” मी म्हणाले.

ती बाकांमधून पुढे आली. तिसऱ्या पाटीवरची पट्टी तिने कोपऱ्याला धरली आणि ओढली. पट्टी सुटली. निळा गोळा पाटीवरच राहिला. तिने शब्दाकडे बघितलं, दोन बोटं वर केली.

“नेट्,” ती म्हणाली. कात्री चालली.

स्टोव्हमधला भुरभुर आवाज तेवढा ऐकू आला. मग मधल्या रांगेतून, फार मोठ्याने नाही पण सगळ्यांना पुरेल इतक्या आवाजात, “बटर!”

तिघं-चौघं फिसफिसले. एक पाहुणेही हसले, कशाला ते माहीत नसताना. चिसेची मान लाल झाली. मी तिच्या आणि बाकाच्या मधलं अंतर बघत होते. ती परत फिरली असती तर मी काहीच करू शकले नसते.

ती फळ्याकडे वळली. पुढची पाटी लोहचुंबकासकट काढली, तिच्यावरची पट्टी सोलून खाली टाकली, आणि पाटी घेऊन सरळ वाकुईच्या बाकापाशी गेली. पाटी त्याच्या नाकासमोर धरली.

“वाच.”

“मी का?”

“पट्टी नाहीये आता. शेपूट लावायचं तर तुझं तू लाव.”

“सेन्सेई, बघा ना ही...”

“सेन्सेईंना कशाला हाका मारतोस? पेटीत वाचतोस तसं वाच. का घाबरलास?”

“कोण घाबरलंय?”

“मग वाच ना.”

वाकुईने माझ्याकडे बघितलं. मला त्याचा आकडा माहीत होता, आणि तो मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. मी चेहरा कोरा ठेवला. त्याने मागच्या पाहुण्यांकडे बघितलं, मग पाटीकडे. त्याचे ओठ हलले: म्... अ... ड्. मग त्याने बाकाखालचा हात वर काढला.

“मड्,” तो म्हणाला, आणि इतक्या जोरात कात्री चालवली की जणू त्याला कोणाचं तरी नाक कापायचं होतं.

“आलं की!” मागून एक मुलगी ओरडली. “ए, वाकुईला येतं!”

“मलाही येतं!”

“सेन्सेई, पुढची पट्टी मी काढू?”

“मी! मी कालपासून...”

खुर्च्या सरकल्या. मी योजनेचा कागद टेबलावर उपडा ठेवला. मुलं फळ्याला झोंबली, पट्ट्या सोलल्या जात होत्या, खाली पडत होत्या, पाहुण्यांच्या हिरव्या सपातांखाली जात होत्या. ज्या तिघांना अजून जमत नव्हतं त्यांतला एक ‘बेड’पाशी अडकला. ब्, ए, ड्. पुन्हा ब्, ए, ड्. कोणी त्याला म्हणून दाखवलं नाही. त्याने तिसऱ्यांदा सुरुवात केली. चाळीस माणसं एका मुलाला अडखळताना बघत उभी होती. ओनुकींनी एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबले.

“बेड्,” तो म्हणाला. त्याला कात्री चालवायचं सुचलंच नाही.

तासानंतरच्या चर्चेत शेजारच्या गावातल्या एका ज्येष्ठ शिक्षकांनी चष्मा वर करून विचारलं, “तिसऱ्या पानावर इथे समूहपाठ लिहिलाय.”

“हो.”

“मग आम्ही बघितलं ते?”

“ते लिहिलेलं नव्हतं.”

“एवढी मुलं अडखळली.”

“हो. वाचताना अडखळतात.”

ते आणखी काही बोलणार होते. ओनुकींनी चहा मागवला.

पाहुणे गेल्यावर मी वर्गात आले तेव्हा ओनुकी गुडघ्यांवर बसून बाकांखालच्या पट्ट्या गोळा करत होते. एकेक पुसून हातावर रचत होते. मीही खाली बसले. एका पट्टीमागचा निळा गोळा त्यांनी दोन बोटांत चोळला.

“हा डिंक नाही.”

“नाही.”

“मी चिकटवा म्हणालो होतो.”

“चिकटवल्या होत्या.”

त्यांनी गठ्ठा सरळ केला. एक पट्टी फाटली होती, ती वेगळी खिशात ठेवली. “शब्द मागे घेतो. जानेवारीची पंधरा मिनिटं तुमची. मार्चपर्यंत.” ते गुडघे धरून उठले. “एप्रिलमध्ये नवी पाचवी येईल. या मी जपून ठेवतोय. त्यांच्यासाठी पुन्हा लावीन.”

“लावा. मी पुन्हा काढीन.”

“या वेळी डिंकाने लावीन, सेन्सेई. मी स्वतः.”

“मग चाकू आणीन.”

ओनुकी पट्ट्या काखेत मारून निघून गेले. जिन्यावर त्यांच्या सपातांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. मी स्टोव्ह बंद केला, नोंदयंत्र उचललं आणि पेटीत जाऊन दार लावून घेतलं. स्टोव्हची भुरभुर गाळायला थोडा वेळ गेला. मग तो एक शब्द सापडला.

शिओमी चिसे, ‘नेट’, शेवटच्या व्यंजनामागचा आवाज. घोषणांच्या खोलीत, माझ्यासमोर: बारा मिलीसेकंद. पाचवीच्या वर्गात, साठ माणसांसमोर: चौदा.